कोशाची साडी, पळसाचं फूल आणि ऐनाची साल: एका फोटोशूटचं प्रकरण

प्रकरण भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं आहे. हा पट्टा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामाचा, आंधळगावचं नाव तर कोशासाठी लांब लांब माहीत आहे. याच भागातल्या एका विणकर घराने ठरवलं की साड्या व्यापाऱ्याला देणं कमी करायचं आणि थेट इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर विकायच्या. घरात काकाजी मागावर बसतात, मुलगा बाहेरचं बघतो आणि सून अकाउंट चालवते. मी तालुक्यालाच फोटोग्राफी करतो, लग्नं, बारसं, प्रीवेडिंग सगळंच, पण कापडाचे फोटो हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून त्यांनी बोलावलं. हे सविस्तर लिहायचं कारण असं की आजकाल विदर्भात जो तो फेब्रुवारी आला की पळसाखाली शूट करतो आणि "नेचर थीम" म्हणतो, पण झाड फोटोत नेमकं काय काम करतंय याचा विचार होत नाही. या प्रकरणात तो विचार करावाच लागला, कारण पैसे कापडाचे मिळणार होते, फुलांचे नाही.

आधी अडचण काय होती ते सांगतो. त्यांनी आधी एका स्टुडिओत फोटो काढून घेतले होते, मागे प्लास्टिकच्या फुलांची भिंत, समोर रिंगलाइट, वरून फिल्टर. साडी फोटोत चकचकीत सोनेरी दिसत होती. कोसा तसा नसतोच. तुतीचं रेशीम चकाकतं, कोशाची झळाळी दबलेली असते, धागा कुठे जाड कुठे बारीक, आणि रंग मधाळ, कधी त्यात थोडी राखाडी छटा. गिऱ्हाइकाने सोनेरी बघून मागवली, हातात आली मधाळ, आणि परत पाठवली. असं झालं की जाण्या-येण्याचा कुरिअर खर्च विणकराच्याच डोक्यावर बसतो, शिवाय घडी मोडलेली साडी पुन्हा इस्त्री करून ठेवा. त्यामुळे सुनेचं म्हणणं साधं होतं, "भाऊ, दिसाले सुंदर पाहिजे पन रंग खोटा नको." आणि दुसरं म्हणणं, की पळस फुलला आहे तर पळसातच करू.

साडी होती करवत काठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अंग कोशाचं आणि काठ रंगीत सुती धाग्याचा, काठावर करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची ओळ चालते. हे दाते छापलेले नसतात. तीन धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या) चालवून अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकात अडकवत विणलेले असतात, त्यामुळे प्रत्येक दाता म्हणजे विणकराच्या हाताचा एक निर्णय असतो. या साडीला जीआय टॅगही (ठरावीक भागातल्या मालाची सरकारी ओळख) आहे. म्हणजे फोटोत दोन गोष्टी दिसल्या नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ: धाग्याचा खडबडीतपणा आणि काठाचा दाता.

मग धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) पळसाखाली टेस्ट शॉट घेतले. बांधीत (भाताच्या शेतात) धान निघून गेलेलं, जमीन भेगाळलेली, पळस पानं गाळून नुसता केशरी. डोळ्यांना स्वर्गच. पण स्क्रीनवर बघितलं तर तीन गोष्टी दिसल्या. पळसाचा केशरी इतका गडद असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनल (लाल रंग नोंदवणारा भाग) आधी भरून जातो, फुलाच्या पाकळीतली रेघ, मखमल सगळं जाऊन नुसता केशरी डाग उरतो, मोबाइलवर तर अजूनच, तिथे फोन स्वतःहून रंग वाढवतो. दुसरं, ऊन फुलांवर पडून साडीवर उडत होतं आणि मधाळ कोसा पुन्हा सोनेरी-केशरी दिसायला लागला, म्हणजे जी तक्रार होती तीच परत. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, नजर आधी फुलावर जायची, मग चेहऱ्यावर, आणि काठावर शेवटी, कधी कधी जायचीच नाही. हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, लाल रंगाची रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली होती. एक्सपोजर एक स्टॉप खाली घेतलं, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा केला, तर फूल परत आलं पण मग चेहरा आणि साडी अंधारात. रिफ्लेक्टरने चेहरा उचलता आला असता, तरी नजर फुलावरच जाणार होती.

मुलगा म्हणाला फांदी तोडून जवळ आणू, मागे लावू, म्हणजे पाहिजे तिथे फुलं ठेवता येतील. तो कोयता आणायला निघाला तर शेजारच्या शेतातल्या मावशींनी थांबवलं. "कायले तोडता बाप्पा, लाख हाय त्यावर." खरंच होतं. आमच्या भंडारा-गोंदियाच्या भागात पळसावर लाखेचं, म्हणजे किडीपासून मिळणाऱ्या राळेचं, पीक घेतात, फेब्रुवारीत ते पीक फांदीवर उभं असतं, कीड फांदीतला रस शोषून वर लाखेचा थर धरते. शूटवाल्याला ती फांदी म्हणजे नुसता केशरी रंग, आणि मावशींच्या घरी तीच फांदी उन्हाळ्यातला पैसा. मी त्यांचे मनापासून आभार मानले. माझं मत स्पष्ट आहे, गावातलं झाड कोणाचं आहे, त्यावर काय पिकतं हे विचारल्याशिवाय फोटोग्राफरने एक काडीसुद्धा मोडू नये. मोहाच्या बाबतीत तर अजून जास्त, मार्चच्या शेवटी झाडाखालची जागा झाडून लख्ख केलेली असते, पहाटे फुलं वेचायला घरंच्या घरं येतात, तिथे ट्रायपॉड घेऊन जाणं बरं नाही.

त्या संध्याकाळी काकाजींच्या ओसरीवर बसलो. माग खड्ड्यात, पाय खाली, धोटा चालू, आणि टोपलीत कोश पडलेले. मी एक कोश उचलून बघत होतो. हा कोश ज्याने हातात घेतला नसेल त्याने एकदा घ्यावा. दगडासारखा टणक, आणि वर एक लांब देठ, देठाच्या टोकाला गोल कडी. अळी आधी फांदीभोवती ही कडी विणते, मग देठ, मग त्या देठाला लटकून कोश. पान गळालं तरी कोश फांदीवरून पडत नाही. काकाजी म्हणाले, "हे येनाचं झाड हाय न, त्याचाच पाला खाऊन हे कापड झालं." ऐन आणि अर्जुन ही टसरच्या अळीची झाडं, आमच्याकडे ऐनाला येन म्हणतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाजाची माणसं पावसाळ्यापासून थंडीपर्यंत या झाडांवर अळ्या पाळतात, पाखरांपासून, मुंग्यांपासून दिवसभर राखण करतात.

इथे माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते थोडं मागून सांगावं लागेल. वनस्पती आणि कलेचं नातं म्हटलं की मला पहिले कार्ल ब्लॉसफेल्ड आठवतो. 1865 ला जन्मलेला जर्मन माणूस, सुरुवात लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून, पुढे बर्लिनच्या कला शाळेत शिक्षक. विद्यार्थ्यांना नक्षी काढायला शिकवायची म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, देठ, बिया यांचे फोटो काढायचा, काही 30 पट मोठे, मागे साधा राखाडी किंवा पांढरा कागद. नेचाचा गुंडाळलेला कोंब बघून लोखंडी गेटची नक्षी आठवते असे ते फोटो. आयुष्यभर शिकवण्यासाठीच वापरले, पुस्तक 1928 ला आलं तेव्हा साठी उलटून गेली होती आणि 1932 ला गेला. त्याच्या फोटोत झाडाची सजावट नाही, झाडाची बांधणी आहे. कोणता भाग कशाला धरून आहे, वजन कुठे आहे, वळण कुठून सुरू होतं.

फॅशनमध्येही हेच सापडतं. फ्रान्सचा फॅशन डिझायनर क्रिस्तियन दिओर याने 1947 ला पहिलं कलेक्शन आणलं, त्यातल्या एका लाइनचं नाव फुलाच्या पाकळ्यांच्या वर्तुळावरून, कॉरोल. कपड्यावर फूल छापलंच पाहिजे असं त्याला वाटलं नाही, कंबर देठासारखी बारीक आणि घेर उमललेला, म्हणजे फूल कापडाच्या कटिंगमध्ये उतरलं. आणि अर्व्हिंग पेन, आयुष्यभर फॅशनचे फोटो काढणारा, त्याने 1967 पासून काही वर्षं व्होग या फॅशन मासिकाच्या ख्रिसमस अंकासाठी फुलांचे फोटो काढले, त्यात सुकत चाललेली, पाकळी वाकडी झालेली फुलंही घेतली. हाच पेन फॅशनच्या फोटोसाठी मागे एक जुना, डागाळलेला राखाडी नाट्यगृहाचा पडदा लावायचा. त्या पडद्यावर कापडाची प्रत्येक घडी वाचता येते. मला तो पडदा आठवला आणि लगेच ऐनाची साल आठवली.

ऐनाची साल बघितली असेल तर कळेल. काळपट राखाडी, खोल भेगा, आणि भेगांमध्ये चौकोनी तुकडे, मगरीच्या पाठीसारखी. फेब्रुवारीत पानं गळत असतात, त्यामुळे वरून हिरवा रंग सांडत नाही. हिरव्यागार झाडाखाली कोसा धरला तर त्यावर हिरवट झाक येते आणि चेहराही आजारी दिसतो, ते इथे नव्हतं. मधाळ कापड, राखाडी साल, मरून काठ. आणि सालीचे चौकोन कापडाशी भांडत नाहीत, उलट काठावरचे त्रिकोणी दाते त्यांच्यासमोर अजून धारदार दिसतात. शिवाय हे तेच झाड आहे ज्याचा पाला खाऊन धागा झाला. हे नातं कॅप्शनमध्ये सांगावं लागलं नाही तरी चालेल, पण फोटो काढणाऱ्याला माहीत पाहिजे, कारण मग तो कुठे उभं राहायचं हे वेगळ्या पद्धतीने ठरवतो.

ऐनाची जुनी झाडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मालकीच्या शेतात मिळाली. वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय शूट करायचं नाही हे पहिलेच ठरलं होतं.

आता प्रत्यक्ष काम कसं झालं ते. पहिली अडचण, खोड कितीही जाड असलं तरी त्यात पूर्ण उभा माणूस मावत नाही, दोन्ही बाजूने उजेड फुटतो आणि सुकलेलं गवत दिसतं. सुकलं गवत आणि कोसा यांचा रंग जवळजवळ एकच, साडीची कडाच हरवते. म्हणून कंबरेपर्यंतचे फोटो एका खोडासमोर घेतले, आणि पूर्ण साडीच्या फोटोसाठी लांब जाऊन 135 एमएमच्या टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने अशी जागा शोधली जिथून एकामागे एक उभी असलेली खोडं एकमेकांना चिकटलेली दिसतात. टेलीने अंतर दाबलं जातं आणि सालीची भिंत तयार होते. त्यासाठी एक एक पाऊल इकडे-तिकडे सरकत बराच वेळ गेला, पण तो वेळ वाया नाही, संपूर्ण शूटचा जीव त्यात होता.

उजेड सकाळचा, नऊच्या आत, तिरपा. कोशाचा खडबडीतपणा समोरच्या उजेडात मरतो आणि बाजूच्या उजेडात उठून येतो, रिंगलाइटवर त्यामुळेच तो गायब झाला होता. सावलीच्या बाजूला काकाजींचं धुतलेलं पांढरं धोतर दोघांनी ताणून धरलं, तेच रिफ्लेक्टर. पांढरंच पाहिजे, पिवळट चादर धरली तर रंग पुन्हा बिघडतो. प्रत्येक जागा बदलली की साडीजवळ ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून एक फ्रेम घ्यायची आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसण्यासाठीची सेटिंग, त्यावरून. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा मधाळ रंगाला "चूक" समजून निळसर करतो. नंतर मोबाइलच्या स्क्रीनवर फोटो आणि शेजारी खरी साडी दारातल्या उजेडात ठेवून काकाजींनी मिळवून बघितलं. त्यांनी दोन फोटो नापास केले, काठ जरा जांभळा दिसत होता, आणि ते बरोबर होते. रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द विणकराचाच असावा असं माझं ठाम मत आहे.

मॉडेल कोण हा वाद झाला होता. सुनेची चुलत बहीण बीए करते, तिने पाचवारी नेसली, छान दिसली. पण नऊवारीसाठी काकूंनाच उभं केलं, काकाजींच्या मंडळी. त्या आयुष्यभर लुगडं नेसल्या, काष्टा कुठे किती ओढायचा, पदर खांद्यावर किती सैल ठेवायचा हे त्यांच्या हातात आहे. त्यांना पोज सांगायची गरजच पडली नाही. फक्त एवढं म्हटलं, "काकू, झाडाले पाठ लावा अन् वाटलं तर डोळे मिटा." त्यांनी एक हात सालीवर मागे टेकवला. त्या हाताच्या शिरा, सालीच्या भेगा आणि पदराचा जाडाभरडा धागा, तिन्ही एकाच उजेडात. कितीतरी लोकांनी नंतर या फोटोबद्दल विचारलं.

कोशावरून एक कल्पना निघाली तिच्यावर मी सगळ्यात जास्त रमलो. कोश एका बिंदूवरून लटकतो, कडी, देठ, मग वजन. साडीही तशीच लटकवून बघू म्हटलं. साडी चिमटीत एका ठिकाणी गोळा केली, खाली मऊ सुती कापड गुंडाळून ऐनाच्या आडव्या फांदीला सैल बांधली म्हणजे धागाही ओढला जाणार नाही आणि सालही सोलणार नाही, आणि खालचा घोळ मोकळा सोडला. ऊन मागून. कोसा थोडा विरळ विणलेला असला की मागच्या उजेडात आतला ताणा-बाणा दिसतो, जाड धागा काळसर, बारीक धागा उजळ. वाऱ्यात साडी फिरत होती म्हणून शटर 1/500 सेकंदावर ठेवला. माणूस नाही, दागिना नाही, नुसतं कापड आणि फांदी. सुनेला आधी पटलं नव्हतं, म्हणाली गिऱ्हाइकाले नेसलेली साडी पाह्यची असते. तिचंही बरोबर होतं, म्हणून हा फोटो दुसरा ठेवला, पहिला नेसलेला. शेजारी टोपलीतला कोश राखाडी पुठ्ठ्यावर ठेवून ब्लॉसफेल्डच्या पद्धतीने अगदी जवळून घेतला, देठ आणि कडी स्पष्ट.

पळस मात्र सोडला नाही. झाडाखाली पडलेली फुलं वेचली, त्यातलं एकच काकूंच्या पदराच्या घडीत ठेवलं. पळसाच्या फुलाचा खालचा देठाकडचा भाग काळपट मखमली असतो, वर राघूच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी. फ्रेममध्ये केशरी रंग एवढासा, बाकी सगळा मधाळ आणि राखाडी. एक्सपोजर फुलावरून थोडं खाली घेतलं तर पाकळीतल्या रेघाही टिकल्या. आधी झाडभर केशरी होतं तेव्हा जे दिसत नव्हतं ते एका फुलात दिसलं. बाकीची फुलं सुनेने घरी नेली, होळीच्या रंगासाठी उकळायला.

घरातली धाकटी पोरगी बारावीत आहे, तिला मी सायनोटाइप दाखवला. 1842 ला जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली फोटो छापायची पद्धत, दोन रसायनं कागदावर लावायची, वर पान ठेवून उन्हात धरायचं, पाण्यात धुतलं की निळ्यावर पानाचा पांढरा ठसा उरतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने इंग्लंडमध्ये समुद्रातल्या शेवाळांचे असे ठसे काढून त्यांचं पुस्तक करायला सुरुवात केली, फोटोंचं पहिलं पुस्तक ते. पोरीने ऐनाच्या गळालेल्या पानांचे ठसे काढले आणि साडीसोबत जायच्या लेबलवर तेच लावायचं ठरलं. विदर्भाच्या उन्हात काम झटपट होतं. मधाळ कोशासोबत तो निळा फार शोभतो. साडीवर मात्र हा प्रयोग करायला काकाजींनी नाही म्हटलं, आणि मीही आग्रह धरला नाही.

परिणाम काय झाला? विक्रीचे आकडे सांगायचा हक्क माझा नाही, तो त्यांचा धंदा आहे. मला जे दिसलं ते एवढं की मेसेजमध्ये आधी लोक "प्राइस प्लीज" लिहायचे, आता काही जण काठाबद्दल विचारतात, दाते हाताने विणता का, झाड कोणतं आहे. रंगावरून साडी परत आल्याचं नवीन फोटोंनंतर तरी सुनेने सांगितलं नाही. काही गोष्टी जमल्या नाहीत त्याही लिहितो. काळ्या काठाची साडी ऐनाच्या सालीसमोर फसली, काठ आणि साल एक झाले, तिच्यासाठी सारवलेली भिंत वापरावी लागली. आणि पूर्ण साडीच्या फोटोत पायाशी सुकलं गवत आलंच, तिथे क्रॉप केलं, त्यामुळे खालचा काठ एका फोटोत कापला गेला. तो फोटो काकाजींना अजून खटकतो.

एक वाद अजून मिटला नाही. मुलाला वाटतं की पावसाळ्यात हिरव्या ऐनावर अळ्या असताना तिथेच साडी नेसून फोटो घ्यावा, लोकांना आवडेल. मला हे पटत नाही. अळी पाळणाऱ्याची ती उभी शेती आहे, तिथे नटून-थटून, सेंट मारून माणसं नेणं चुकीचं, आणि हिरव्या झाकेत कोशाचा रंगही खोटा दिसेल. ज्या दादांकडून ते कोश घेतात त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "दोन मानसं या, फ्लॅश नको, झाडाले हात नको, मी नेईन तिकडूनच पाहा." त्यामुळे ऑक्टोबरमध्ये साडी न नेता फक्त अळी, कडी विणताना मिळाली तर ती, आणि राखण करणारे दादा त्यांची परवानगी असेल तर, असे फोटो घ्यायचं ठरवलंय. मॅक्रो लेन्स नागपूरहून भाड्याने आणणार. मुलगा अजून नाराज आहे, काकाजी माझ्या बाजूने आहेत.